तैपूसमला सहकुटुंब: दुधाची कळशी आणि बाटू केव्ह्जच्या २७२ पायऱ्या

क्वालालंपूरला राहणारं किंवा फिरायला आलेलं मराठी कुटुंब तैपूसमच्या, म्हणजे मुरुगन (आपला कार्तिकस्वामी) या देवाच्या तमिळ उत्सवाच्या, जत्रेत दोन तऱ्हांनी जाऊ शकतं. एक म्हणजे कडेला उभं राहून गर्दी बघायची. दुसरं म्हणजे त्या गर्दीतलंच एक होऊन, डोक्यावर दूध घेऊन बाटू केव्ह्जमधल्या मुरुगनच्या गुहेपर्यंत चढायचं. हे लिहिलंय ते दुसऱ्या तऱ्हेसाठी. डोक्यावरून वाहायच्या दुधाच्या भांड्याला तमिळमध्ये पाल कुडम म्हणतात, आणि परक्या कुटुंबाने उचलावं ते हेच. गालातून आरपार भाला घेणारे, पाठीला आकडे लावून रथ ओढणारे भक्त घरचा वारसा, गुरू आणि मोठं व्रत घेऊन आलेले असतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. दुधाचं भांडं मात्र लहान मुलीपासून आजीपर्यंत कुणीही नेतं. चिनी वंशाचे मलेशियन लोकही नेतात. तुम्ही कुठले, असं कुणी विचारत नाही.

तारीख आणि व्रत

तै हा तमिळ सौर महिना, मकरसंक्रांतीला सुरू होणारा. पूसम म्हणजे पुष्य नक्षत्र. या महिन्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास पुष्य नक्षत्र असतं तो दिवस तैपूसमचा. आपल्या चांद्र महिन्यांशी याची सरळ जोडी लागत नाही. २०२४ साली तो २५ जानेवारीला, पौष पौर्णिमेला आला. २०२६ मध्ये १ फेब्रुवारीला, म्हणजे माघी पौर्णिमेला. आणि २०२५ मध्ये ११ फेब्रुवारीला, माघी पौर्णिमेच्या एक दिवस आधी. म्हणून घरच्या पंचांगावर विसंबून विमानाची तिकिटं काढू नका. मलेशियातली त्या वर्षाची सुट्ट्यांची यादी बघा. ही सुट्टी राज्यागणिक असते: सेलांगोर, क्वालालंपूर, पेनांग, पेराक, जोहोर वगैरे ठिकाणी असते, सगळ्या देशात नसते.

पूर्ण व्रत ४८ दिवसांचं, म्हणजे एका मंडलाचं. शाकाहार, एकभुक्त, ब्रह्मचर्य, जमिनीवर झोपणं. पाल कुडमसाठी बरीच तमिळ कुटुंबं सात किंवा तीन दिवसही पाळतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सात दिवस धरावेत. मांस, मासे, अंडी आणि दारू बंद, रोज सकाळी आंघोळ करून दिवा, एवढं जमतंच. मुलांवर उपास लादू नये, त्यांना घरच्यासारखाच शाकाहार पुरे. सुतक किंवा पाळी असेल तर तमिळ घरांत भांडं उचलत नाहीत. तुमच्याकडे हे मानत असतील तर आधीपासून दोन दिवस हाताशी ठेवा. त्यात काही अडत नाही, कारण दूध मुख्य दिवशीच वाहिलं पाहिजे असं मुळीच नाही. कित्येक कुटुंबं आधीच्या शनिवार-रविवारी नवस फेडून मोकळी होतात.

निघण्यापूर्वी घरातल्या मोठ्या बायकांशी एका गोष्टीबद्दल बोलून घ्या. आपल्याकडे कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी एरवी घेऊ नये, फक्त कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्रावर घ्यावं, असा समज घट्ट आहे. तोच देव दक्षिणेत मुरुगन. तिथे तो वल्ली आणि देवयानै या दोन पत्नींसह उभा असतो आणि पाल कुडम डोक्यावर घेऊन सगळ्यात जास्त चालतात त्या बायकाच. हे आईला किंवा सासूबाईंना घरीच सांगितलं नाही, तर पहिल्या पायरीशी पेच पडतो. ऐकूनही मन तयार होत नसेल तर आग्रह करू नका.

कावडी हा शब्द तर आपलाच वाटावा असा आहे, आणि अर्थही तोच. अगस्त्य ऋषींच्या सांगण्यावरून इडुंबन नावाचा असुर दोन टेकड्या काठीच्या दोन टोकांना लटकावून दक्षिणेला निघाला, ही त्यामागची कथा. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटाने चढणाऱ्या कावडी ज्याने पाहिल्यात, त्याला बाटू केव्ह्जची कावडी कशासाठी हे समजावून सांगावं लागत नाही.

भांडं आणि दूध

मोठ्या माणसाला दीड ते दोन लिटरची स्टीलची किंवा पितळेची कळशी पुरते. त्यात लिटरभर दूध घाला. यापेक्षा मोठी घागर घेऊन लोक हमखास पस्तावतात: लिटरभर दुधाचं वजन किलोला थोडं जास्त, वर भांड्याचं वजन, आणि हे सगळं गर्दीत तास-दोन तास डोक्यावर. आठ-दहा वर्षांच्या मुलाला तांब्या द्या, त्यात पाव ते अर्धा लिटर. त्याहून लहान मुलांना भांडं देऊ नका, हार धरायला द्या.

भांडं काठोकाठ भरू नका. पाऊण भरा. चालताना दूध हेंदकाळतं, काठावरून मानेवर येतं, अंगावर सुकून वास मारतं आणि पायरीवर सांडलं तर मागचा घसरतो. तोंडावर धुतलेल्या केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर पिवळं सुती कापड, आणि गळ्याशी दोरा दोन वेढे घालून करकचून बांधा. रबरबँड घामाने आणि दुधाने सरकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. दोऱ्यात झेंडूचा किंवा मोगऱ्याचा गजरा अडकवा. डोक्यावर चुंबळ हवीच. जुन्या सुती पंच्याची केली तर उत्तम, कारण नवं कापड घसरतं. भांड्याच्या बुडाशी रंगीत दोरा बांधून खूण करा किंवा नाव लिहा. वर गुहेत सारखी दिसणारी शेकडो भांडी एकाच वेळी हातोहात फिरतात.

दूध भारतातून नेऊ नका, तिथल्या दुकानातून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत क्वालालंपूरला दुपारी ३२-३३ अंश असतं, हवा दमट. सकाळी घरून उघडं भरून आणलेलं दूध रांगेतच नासतं. त्यामुळे बंद पाकीट सोबत ठेवा आणि पूजेच्या जागी, भांडं डोक्यावर घेण्याच्या अगदी आधी ओता. जास्त टिकणाऱ्या पाकिटातलं दूध चालतं. साखर किंवा चव घातलेलं मात्र नको. दुकानात घाईघाईत ते हातात येतं, म्हणून लेबल वाचा.

जागेचा अंदाज

बाटू केव्ह्ज हे शहराच्या मध्यापासून उत्तरेला सुमारे १३ किलोमीटरवर, सेलांगोर राज्यात. चुनखडीचा उभा डोंगर, पायथ्याशी मुरुगनचा ४२.७ मीटर उंच सोनेरी पुतळा (२००६ साली उभारलेला), त्याच्या शेजारून गुहेकडे जाणाऱ्या २७२ पायऱ्या. गुहेचं तोंड वेलच्या, म्हणजे भाल्याच्या आकाराचं म्हणून तंबुसामी पिल्लै यांनी १८९०-९१ च्या सुमारास इथे मुरुगनची स्थापना केली, आणि १८९२ पासून इथे तैपूसम साजरा होतो.

यात्रेचं दुसरं टोक शहरात, चायनाटाऊनजवळच्या श्री महामारिअम्मन देवळात. तिथून मुरुगनचा चांदीचा रथ मुख्य दिवसाच्या दोन दिवस आधी रात्री निघतो आणि माणसांच्या चालीने कित्येक तासांनी बाटू केव्ह्जला पोचतो. मुलांना घेऊन रथाबरोबर अख्खी वाट चालणं शहाणपणाचं नाही. रथ निघताना पाहायचा, त्याच्यापुढे थोडं चालायचं आणि झोपायला जायचं. रथापुढे रस्त्यावर नारळ फोडतात आणि करवंट्यांचे धारदार तुकडे अंधारात दिसत नाहीत, म्हणून या टप्प्यात चपला पायातच ठेवा.

जायला केटीएम कोम्युटर रेल्वे. केएल सेंट्रलहून थेट बाटू केव्ह्ज स्थानक, अर्ध्या तासाच्या आसपास, आणि स्थानक देवळाच्या आवाराला लागूनच. उत्सवाच्या दिवसांत गाड्या रात्रभर चालवतात. टच अँड गो कार्डात पैसे आधीच भरून ठेवा, परतीच्या गर्दीत यंत्रापुढची रांग मोठी असते. गाडीत बायकांसाठी वेगळे डबे असतात, त्यांत शिरताना बाबा आणि मुलगे दुसरीकडे जातात आणि उतरल्यावर ताटातूट होते. उतरून कुठे थांबायचं ते चढण्याआधी ठरवा. स्वतःची किंवा भाड्याची मोटार नेऊ नका. रस्ते बंद असतात आणि शेवटचे काही किलोमीटर चालावं लागतंच.

कधी निघायचं

मुख्य दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत गर्दी सर्वांत दाट. मोठ्या कावड्याही याच वेळात चढतात. लहान मुलं असतील तर आदल्या दिवशी भल्या सकाळी दूध वाहा. वातावरण पूर्ण जत्रेचं असतं आणि पायऱ्यांवर श्वास घेता येतो. मुख्य दिवशीच जायचं असेल तर पहाटे तीनच्या सुमारास सुंगै बाटू नदीवर पोचा, चालायला सुरुवात तिथूनच होते. दहानंतर चढायचा बेत टाळा. अनवाणी चालायचं असतं, आणि तापलेल्या काँक्रीटवर मुलांच्या तळपायांना खरोखर फोड येतात. आठ दिवस आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटं घराजवळ अनवाणी चाललात तर फरक पडतो.

कपडे पिवळे किंवा भगवे, सुती. पुरुषांना पांढरी किंवा पिवळी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसायचं तमिळ धोतर. सवय नसेल तर कमरेला पट्टा आवळा, नाहीतर पायऱ्यांवर एक हात वेष्टीत आणि एक भांड्यावर अशी गत होते. बायकांनी साडी घोट्याच्या चार बोटं वर नेसावी. या चढाला काष्ट्याची नऊवारी सर्वांत सोयीची, पाय मोकळे राहतात आणि निऱ्या पायात येत नाहीत. सोन्याचे दागिने घरी ठेवा.

नदीपासून गुहेपर्यंत

सुरुवात सुंगै बाटू नदीच्या काठी. इथे आंघोळ करतात. नदीत उतरायचं नसेल तर नळांखाली किंवा डोक्यावर तांब्याभर पाणी घेऊन भागतं. मुलाचं जावळ किंवा नवसाचं मुंडण करायचं असेल तर तेही इथेच. पाती तुमच्या डोळ्यांदेखत नवी लावायला सांगा. मुंडणानंतर डोक्याला चंदनाचा लेप लावतात, तो पुसू नका, कोवळी त्वचा उन्हापासून वाचते.

मग रिकामी जागा शोधून कुटुंबाने गोलात उभं राहायचं. भांडं पानावर ठेवा, दूध ओता, कापड बांधा, हळदकुंकू आणि विभूती लावा, कापूर आणि उदबत्ती दाखवा. जवळपास तमिळ कुटुंब पूजा करत असेल तर हात जोडून थांबा, बहुतेक वेळा तेच बोलावून तुमच्याही भांड्याला आरती दाखवतात. भांडं थोरल्या माणसाने उचलून वाहणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं. एकदा डोक्यावर घेतलं की गुहेपर्यंत जमिनीवर टेकवायचं नाही. थकल्यास घरच्या दुसऱ्या माणसाने हातात घ्यायचं. म्हणूनच प्रत्येक भांड्यामागे एक रिकाम्या हाताचा माणूस हवा. चौघांच्या कुटुंबाने चार भांडी घेतली की गणित चुकतं: पाण्याची बाटली कोण धरणार, मुलाचा हात कोण धरणार, चपलांची पिशवी कुणाकडे? चौघांत दोनच भांडी घ्या.

चालताना ‘वेल वेल, वेट्रिवेल’ आणि ‘मुरुगनुक्कु अरोहरा’ हा घोष चाललेला असतो. मुलं तो पाच मिनिटांत उचलतात. उरुमी ढोलांचा आवाज मात्र फार मोठा असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना कानावर बसणारे आवाजरोधक लावा, निदान कापसाचे बोळे तरी. तान्ह्या बाळाला अंगाशी बांधायच्या झोळीत घ्या. बाबागाडी पायऱ्यांवर कामाची नाही.

पायऱ्या उभ्या आणि अरुंद आहेत, मोठ्या माणसाचं पाऊल पूर्ण मावत नाही. पाऊल थोडं तिरकं टाका. कठड्याच्या बाजूची ओळ धरा, एक हात भांड्याला, एक कठड्याला. मुलाला तुमच्यापुढे ठेवा, मागे नको. दर पन्नासेक पायऱ्यांनी थांबलात तरी चालेल, पण कडेला सरकून. मधोमध थांबलं की मागून येणाऱ्या कावडीवाल्याची लय मोडते आणि त्याच्या खांद्यावर मोठं ओझं असतं. ढोल जवळ येताना ऐकू आले की बाजूला व्हा. कावडीवाला आणि त्याच्याभोवतीची घरची माणसं यांच्या मधून घुसू नका, त्याला हात लावू नका, चेहऱ्यावर फ्लॅश मारू नका. तो भानात नसतो, आणि त्याचा तोल घरच्यांनी सांभाळलेला असतो. मुलं घाबरतील अशी दृश्यं इथे दिसणारच. गालातून गेलेला वेल रक्त न येता कसा राहतो, हा प्रश्न तिथे विचारला जाण्यापेक्षा आदल्या रात्री घरी बोललेला बरा.

वर गुहेत धूप-कापराचा धूर कोंडलेला असतो. दम्याचा त्रास असणाऱ्याने पंप खिशात ठेवावा, पिशवीत नको. पुजारी तुमचं भांडं घेऊन दूध देवाला वाहतात आणि रिकामं भांडं परत देतात. मागून रेटा असतो, दर्शन काही क्षणांचं. ज्याला जे मागायचं ते पायऱ्यांवरच मनात म्हणून घ्यावं. भांडं हातात आलं की लगेच बाजूला सरका.

उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो आणि सांडलेल्या दुधाने पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात. अपघात चढण्यापेक्षा इथे जास्त होण्यासारखी स्थिती असते, कारण सगळे सैल झालेले असतात. आजी-आजोबांना गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांना वर नेऊच नका; पायथ्याशीही देवळं आहेत, तिथे त्यांचं दर्शन होतं.

माकडं, पाणी, हरवलेली मुलं

पायऱ्यांवरची माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. केळी, प्रसाद, अगदी पाण्याची बाटलीही ओढतात. खाणं चेन असलेल्या पाठपिशवीत ठेवा. ओढाताण झाली तर सोडून द्या. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजच्या लशीसाठी.

वाटेवर जागोजाग तण्णीर पंदल असतात, म्हणजे फुकट पाणी, ताक आणि जेवण देणारे मांडव. वारीतल्या अन्नछत्रांसारखेच. संकोच न करता घ्या, उजव्या हाताने, संपेल तेवढंच. पैसे पुढे करू नका. द्यायचंच असेल तर देवळाच्या पेटीत टाका. प्रसादाचं पंचामिर्दम मिळालं तर आपल्या पंचामृताची चव मनात धरू नका. ते केळी, गूळ, खजूर, मध आणि तुपाचं घट्ट असतं.

दाट गर्दीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. मुलाच्या मनगटावर आतल्या बाजूला पेनाने तुमचा मलेशियातला नंबर देशाच्या क्रमांकासह लिहा. भेटायची जागा म्हणून सोनेरी पुतळा ठरवू नका, सगळ्यांनी तोच ठरवलेला असतो. रामायण गुहेजवळचा, स्थानकाच्या बाजूचा हिरवा हनुमान जास्त बरा. मुलांनाही तो ओळखू येतो. ‘अनाक साया हिलांग’ म्हणजे माझं मूल हरवलंय, ‘तोलोंग’ म्हणजे मदत करा, ‘तांडास’ म्हणजे स्वच्छतागृह. हे तीन मलय शब्दप्रयोग पाठ करा. तातडीचा क्रमांक ९९९. तमिळ माणसांशी बोलताना अण्णा आणि अक्का म्हणा. आपल्याला शिकावं लागत नाही आणि समोरचा लगेच वाट करून देतो.

कुटुंबात कुणालाच चढ झेपणार नसेल तर सिंगापूरचा तैपूसम बघा. तिथली पदयात्रा सेरांगून रोडच्या श्रीनिवास पेरुमाळ देवळातून टँक रोडच्या तेंडायुतपाणी देवळापर्यंत, साधारण तीन किलोमीटर, सपाट रस्त्याने. पाल कुडमसाठी आधी नोंदणी करावी लागते. पेनांगला याउलट पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, पण रथापुढे फुटणाऱ्या नारळांचे ढीग पाहायचे तर तिथेच.

परत आल्यावर त्या रात्री बाहेर मांसाहारी जेवायला जाऊ नका. कावडीवाले तिसऱ्या दिवशीची इडुंबन पूजा होईपर्यंत व्रत सोडत नाहीत, तुम्हीही तोवर शाकाहार ठेवा. भांडं त्याच दिवशी धुवा, आधी थंड पाण्याने. गरम पाणी आधी घातलं तर दुधाचा थर कळशीच्या आतल्या गळ्याला चिकटून बसतो आणि पुढच्या वर्षी झाकण काढताच वास येतो. मग चिंच लावून घासा, उन्हात पालथी वाळवा, आणि पिवळं कापड, दोरा, चुंबळ तिच्यातच घडी करून ठेवा.